सतरा मुलं, एक हॉल आणि पुठ्ठ्याचे बैल: घरच्या वाढदिवसाचा एक प्रकरण अभ्यास

नागपूरच्या मनीषनगरमधली चार मजली इमारत, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, हॉल साधारण दहा बाय सोळा फुटांचा. मुलीला चार वर्षं पूर्ण होणार होती आणि वाढदिवस आला होता पोळ्याच्या आधीच्या रविवारी. बोलावलेली मुलं तेरा, आली सतरा. असं होतंच, कारण धाकटं भावंड मागे लागतं आणि मोठ्याला घरी एकटं कोण ठेवणार? सर्वांत लहान पाहुणा दीड वर्षाचा, सर्वांत मोठा नऊ वर्षांचा. आई बँकेत, बाबा बुटीबोरीच्या एमआयडीसीत, आणि घरात वर्ध्याहून आलेली आजी. आधी गच्चीचा बेत होता, पण पावसाचे दिवस असल्याने तो सोडून द्यावा लागला. म्हणजे जे काय करायचं ते हॉलमध्येच.

मी याच इमारतीत तळमजल्यावर राहते आणि बालवाडीत शिकवते. मुलीची आई खाली आली ती एकच वाक्य घेऊन: "ताई, मागच्या वर्षीसारखं नको व्हायला."

मागच्या वर्षी काय झालं होतं

तिसरा वाढदिवस याच हॉलमध्ये झाला होता, आणि त्यात कोणी काही वावगं केलं नव्हतं. सगळे करतात तेच केलं होतं. भाड्याचा स्पीकर, संगीत खुर्ची, छताला टांगलेला टॉफ्या भरलेला मोठा फुगा, शेवटी केक. वर्ध्याचा मामा पोहोचायचा होता म्हणून केक साडेसातपर्यंत थांबला. मुलं पाचला आली होती.

संगीत खुर्चीत पहिल्याच फेरीत एक तीन वर्षांची मुलगी बाद झाली आणि जी रडायला लागली ती आईच्या खांद्यावरून उतरलीच नाही. मोठे म्हणत राहिले, "अगं, खेळच आहे तो, काहून रडून राहिली?" पण तिच्या बाजूने बघा. सगळे धावत होते, मजा चालली होती, आणि अचानक कोणीतरी तिला हाताला धरून बाजूला उभं केलं. 'बाद होणं' हा खेळाचा भाग असतो, हे तीन वर्षांच्या मुलाला समजावून समजत नाही. त्याला एवढंच कळतं की आपल्याला बाहेर काढलं. त्यातून हिशेब असा की बारा मुलांत शेवटी दोघं खेळतात आणि दहा भिंतीला टेकून उभी राहतात. त्या दहांना करायला काहीच नसतं. मग कोणी पडदा ओढतं, कोणी सोफ्यावरून उड्या मारतं, कोणी केकच्या टेबलाभोवती घिरट्या घालतं.

फुगा फुटला तेव्हा सगळे एकदम खाली वाकले. एका मुलाच्या बोटांवर दुसऱ्याचा पाय पडला. मोठ्यांच्या खिशात वीसेक टॉफ्या गेल्या, लहानांना एकही मिळाली नाही. आणि जिचा वाढदिवस होता ती स्पीकरच्या आवाजाला घाबरून बाथरूममध्ये जाऊन बसली. आईला खरं दुःख त्याचं होतं.

मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन अभ्यासिकेने बालवाडीतल्या मुलांचा खेळ तासन्‌तास पाहून १९३२ साली त्याचे प्रकार मांडले. त्यातली एक गोष्ट आम्ही शिकवणाऱ्या बायका रोज बघतो. दोन-अडीच वर्षांची मुलं एकमेकांच्या शेजारी बसून खेळतात, एकमेकांबरोबर नव्हे. पुढे ती वस्तू देतात-घेतात, एकमेकांचं बघून करतात. नियम वाटून घेऊन, सगळ्यांनी मिळून एका उद्देशाने खेळणं त्यानंतर हळूहळू येतं. दीड ते नऊ वर्षांच्या मुलांना एकाच हॉलमध्ये एकच नियमांचा खेळ द्यायचा, तर तो कोणासाठी द्यायचा?

काय ठरलं

माझं मत मी तिला स्पष्ट सांगितलं. लहान मुलांना पार्टीत करमणूक लागत नाही, काम लागतं. जे काम प्रत्येकाला आपापल्या वकुबाप्रमाणे जमेल, जिथे कोणी बाद होत नाही, आणि दारात पाऊल टाकल्याबरोबर जे सुरू करता येईल, असं काम.

काम शोधायला लांब जावं लागलं नाही. आठवड्यावर पोळा होता आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: श्रावणातल्या अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा असतो, आणि दुसऱ्या दिवशी विदर्भात पोरं आपापले लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत मिरवतात. मग घरोघरी जाऊन बोजारा मागतात, म्हणजे खाऊ किंवा पैसे. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली, असं नागपुरात सांगतात. त्याच दिवशी महाल-इतवारीत मारबत आणि बडग्या या मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक असते, त्यामुळे नागपूरच्या मुलाला तो दिवस माहीत नाही असं होत नाही. आमच्या मुलांच्या डोक्यात आधीपासूनच बैल होते. आम्हाला फक्त पुठ्ठा आणायचा होता.

लाकडी बैल मुद्दामच घेतले नाहीत. एवढ्या मुलांसाठी घ्यायचे तर खर्च वाढतो, आणि चाकांचे जड बैल एवढ्याशा हॉलमध्ये एकमेकांच्या पायांवरून जातात. बाबांनी ओळखीच्या दुकानातून फ्रिजचे रिकामे खोके आणले. आजीने वर्तमानपत्रावर एक बैल काढला, पाठीला छान वशिंड असलेला, आणि त्यावरून बाबांनी वीस बैल कापले. पोटाशी दोन खाचा पाडून आडवे तुकडे बसवले की बैल उभा राहतो. नाकाशी भोक पाडून जाड दोरी. चाकं नाहीत, नुसता सरकणारा बैल. सात जास्तीचे कापायला मी सांगितलं होतं, आणि ते नसते तर त्या चार आगंतुकांचं काही खरं नव्हतं.

साहित्य: तेलखडू, क्रेप कागदाच्या पट्ट्या, बेगड, लोकरीचे गोंडे, जुन्या साड्यांचे काठ झुलीसाठी. पांढरा गोंद पावसाळ्यात वाळतच नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी आधीच तुकडे करून ताटांच्या कडेला लावून ठेवली. हे एवढंसं वाटतं, पण मुलाला "थांब, कापून देते" म्हणावं लागणं म्हणजे पुन्हा ताटकळणं.

काय नको हेही ठरलं. फुगे नकोत, निदान मुलांच्या हाताशी नकोत. न फुगवलेला किंवा फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात बसला तर तो काढणं अवघड असतं. अमेरिकेत फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी हा इशारा छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे. त्याऐवजी पताका लावल्या. मणी, टिकल्या, सुटी घुंगरं नकोत, कारण दीड आणि दोन वर्षांची मुलं येणार होती. आजीला घुंगरू हवंच होतं, "घुंगराशिवाय बैल कसा दिसंन?" मग तिने स्वतः प्रत्येक दोरीत एकेक घुंगरू घट्ट शिवलं आणि ओढून पाहिलं. केकवर मेणबत्ती असताना स्प्रेचा फेस उडवायचा नाही, ही अट मी घातली. त्या डब्यातला वायू पेट घेऊ शकतो आणि हे लोक नेमके मेणबत्त्यांसमोरच तो उडवतात.

केकवरून मात्र घरात वाद झाला. आजीचं म्हणणं, केक आधी दिला की साखरेने पोरं उड्या मारतील, शेवटीच द्यावा. ही समजूत घराघरांत आहे. १९९५ साली अमेरिकन बालरोगतज्ज्ञ वोलरेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरचे तोवरचे काटेकोर प्रयोग एकत्र तपासले होते. साखरेने मुलांच्या वागण्यात फरक पडतो असं त्यांना आढळलं नाही. त्याच्या आदल्या वर्षीच्या एका प्रयोगात तर ज्या आयांना 'तुमच्या मुलाला साखर दिली आहे' असं खोटंच सांगितलं, त्यांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली. मुलं पार्टीत उड्या मारतात ती गर्दीमुळे, आवाजामुळे, आणि बहुतेक वेळा समोर ठेवलेल्या केककडे दोन तास बघत राहावं लागल्यामुळे. आजीला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "आजी, केक बैलांच्या कामानंतर लगेच कापू. भुकेल्या पोरांना मिरवणुकीला न्यायचं नाही." हे त्यांना पटलं.

त्या दिवशी

पाचच्या सुमारास पहिली दोन मुलं आली. दारातच बाबांनी विचारलं, "तुझा बैल कोणता रे?" आणि मूल चप्पल काढून थेट सतरंजीवर. या एका गोष्टीने अर्धं काम केलं असं मला वाटतं. घरच्या पार्टीतली सर्वांत वाईट वेळ पहिली वीस मिनिटं असते. काही आलेली, काही यायची, काहीच सुरू झालेलं नाही, आणि आलेली मुलं आईच्या ओढणीला धरून उभी. इथे 'सुरुवात' अशी नव्हतीच. पावणेसहाला आलेलं मूलही त्याच सतरंजीवर बसलं आणि त्याचं काही चुकलं नाही.

दोन वर्षांच्या मुलीने पंधरा मिनिटं बैलाच्या एकाच पायावर जांभळा खडू घासला. तिच्या आईने खडू घेऊन "अगं, असं नाही, पूर्ण रंगव" म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मी त्यांना स्वयंपाकघरात आलुबोंड्यांची मदत मागितली. चार-पाच वर्षांच्या मुलांचं वेगळं चाललं होतं. एकाने बेगड शिंगांना लावली की सगळ्यांना बेगड हवी. एकाने बैलाचं नाव 'बुलेट' ठेवलं, लगेच बाकीच्यांच्या बैलांचीही बारशी झाली.

मोठ्यांना, म्हणजे सात ते नऊ वर्षांच्या चौघांना, मी बैल दिले पण तेवढ्यावर सोडलं नाही. त्यांना तोरण बांधायचं काम दिलं. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे करतात आणि तोरण तुटलं की पोळा फुटतो. ते तोरण, म्हणजे हॉल आणि बेडरूमच्या दारावर बांधायची आंब्याच्या पानांची माळ, त्यांनीच ओवायची होती. त्यांनी मान खाली घालून ते केलं. मोठी मुलं लहानांच्या पार्टीत त्रास देतात अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मला ती पटत नाही. त्यांच्या हाताला त्यांच्या वयाचं काही नसतं, हे खरं कारण असतं.

मग केक. मग आलुबोंडा, तर्री वगळून, आणि दाणे वेचून काढलेला चिवडा. मोठ्यांसाठी पुडाच्या वड्या होत्या. याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, मुलांनी नेहमीसारखंच थोडं खाल्लं आणि बरंच सांडलं.

पोळा मात्र सांगण्यासारखा झाला. सगळे बैल तोरणाखाली ओळीने उभे राहिले आणि आजीने झडती म्हटली. पोळ्यात माणसं बैलांसमोर तुकबंदी म्हणतात, ती झडती. आजीने तिथेच रचली:

"पुठ्ठ्याचा बैल, त्याला काठाची झूल,
ओढून राहिलं त्याला चार वर्षांचं मूल,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला…"

आणि सगळी पोरं, "हर हर महादेव!" दीड वर्षाच्यानेही हात वर केले. आजीने आणखी रचल्या, प्रत्येक मुलाच्या बैलावर एकेक, आणि दरवेळी तोच गजर. इथे कोणाला नियम सांगावा लागला नाही. आपल्या बैलाचं नाव येईपर्यंत थांबणंही जमलं, कारण थांबताना ओरडायला मिळत होतं. एक मोठा पुढे झाला, तोरण ओढून तोडलं, पोळा फुटला.

मग बोजारा. चार मजल्यांवरच्या शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. नाणी द्यायची नाहीत, शेंगदाण्याची चिक्की नाही, गोळ्या नाहीत. प्रत्येक घराने बिस्किटाचा छोटा पुडा किंवा केळं द्यायचं. जिने पावसाने ओले, म्हणून मुलांच्या पुढे बाबा, मागे मी, मध्ये दोन आया, आणि तीन वर्षांखालची मुलं कडेवर. सहा-सहाच्या तुकड्या केल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांनी दार उघडून गंभीरपणे विचारलं, "किती शेती आहे?" एका मुलीने तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं, "दोन बेडरूम."

जिथे अडलं

सगळं सुरळीत झालं असं लिहिणं खरं होणार नाही.

वीज गेली, इन्व्हर्टर नव्हता. दोन मुलं रडायला लागली. कोणीतरी मोबाईलचा टॉर्च जमिनीवर ठेवला आणि भिंतीवर बैलांच्या सावल्या आल्या. वीज परत येईपर्यंत तेवढ्यावर निभावलं.

नऊ वर्षांच्या मुलाचा तोरण तोडल्यावर रस संपला. "आता काय करू मी?" असं त्याने दोनदा विचारलं. त्याला बोजाऱ्याचा हिशेबनीस केलं, कोणत्या घरून काय आलं ते वहीत लिहायचं आणि शेवटी सारखं वाटायचं. वाटणी त्याने इतकी चोख केली की उरलेल्या एका केळ्याचेही तुकडे केले. पण ही योजना ऐनवेळची होती. त्या वयासाठी दुसरं काम आधीच हाताशी ठेवायला हवं.

आणि जिचा वाढदिवस होता ती. तिच्या बैलाला एका मुलाने हात लावला, शिंग वाकलं, आणि ती जोरात रडली. सगळ्यांची नजर तिच्यावर आल्यावर आणखीच. आई तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. ती खोली आम्ही आधीच शांत ठेवली होती, पलंगावर चित्रांची पुस्तकं आणि ठोकळे, पंखा, दार लोटलेलं. कोणत्याही मुलाला कधीही जाता येईल अशी. हॉलमध्ये एक काकू म्हणाल्या, "बर्थडे गर्लच नाही, फोटो कसे काढायचे?" आईने आतूनच सांगितलं, "काकू, येईल ती, थोडं थांबा." त्या शांत उत्तराचं मला फार कौतुक वाटलं. चार वर्षांच्या मुलीवर आपल्याच वाढदिवसाला हसतमुख राहायची जबाबदारी टाकणं अन्यायाचं आहे. ती थोड्या वेळाने स्वतःहून बाहेर आली. शिंगाला पट्टी लावलेली होती.

भेटवस्तू पाहुण्यांसमोर उघडल्या नाहीत. उघडलेलं खेळणं सतरा जणांना हवं असतं आणि जिचं आहे तिने ते 'शेअर' करावं अशी अपेक्षा सुरू होते. परतभेट म्हणून वेगळं काही दिलं नाही. प्रत्येकाचा बैल प्रत्येकाबरोबर गेला. तान्ह्या पोळ्याला त्यातले बरेचसे खाली पार्किंगमध्ये लाकडी बैलांच्या रांगेत दिसले.

सात वाजता मुलं घरी गेली. दोन तास. लहान मुलांसाठी घरी एवढाच वेळ ठेवावा असं माझं ठाम मत आहे. पालकांना गप्पा मारायच्या असतील तर त्यांनी दुसऱ्या दिवशी भेटावं.

मे महिन्यातल्या वाढदिवसासाठी

हे वाचून एका मैत्रिणीने विचारलं, आमच्याकडे वाढदिवस मेमध्ये, तेव्हा कुठले बैल? बैल नसले तरी चालतात, काम बदलायचं. पारा पंचेचाळीसच्या घरात असताना दुपारी मुलं बोलावूच नयेत. संध्याकाळी साडेसहानंतर गच्ची पाणी मारून थंड केलेली असेल तर तिथे, नाहीतर घरात. कैऱ्या आधीच उकडून ठेवायच्या आणि गर काढणं, गूळ कालवणं, पन्हं गाळणं मुलांच्या हाती द्यायचं. लहानांना हाताने गर कुस्करायला आवडतो, मोठ्यांना गाळणी आणि माप द्यावं. वाळ्याच्या काड्यांचे छोटे जुडगे दोऱ्याने बांधायचं कामही छान चालतं, आणि खोलीभर वास येतो.

एक गोष्ट मात्र कूलरची. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर हॉलच्या खिडकीतच असतो आणि पार्टीत ओल्या हातांची, अनवाणी मुलं त्याच्याभोवती जमतात. कूलरचा विजेचा झटका ही आपल्या भागात दर उन्हाळ्यातली खरी दुर्घटना आहे. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं, पाणी भरताना प्लग काढलेला असावा, आणि मुलं असताना कूलरसमोर एखादा बाक किंवा खाट आडवी टाकून वाट बंद करावी. आणि पन्ह्याचं काम कूलरच्या विरुद्ध बाजूच्या भिंतीशी मांडावं.